सकाळचं पहिलं पान

१

ताम मावशींच्या दुकानाचं शटर मी सकाळी पावणेसहाला उघडते. आधी पंखा, मग कॉम्प्युटर, मग झेरॉक्सचं मशीन आणि सगळ्यात शेवटी प्रिंटर, हा क्रम मावशींनी लावून दिलेला. प्रिंटर तापायला दीडेक मिनिट घेतो. घरघर होते, आतल्या आत काहीतरी दोनदा खटखटतं, आणि मग कोणी न मागता एक पान बाहेर येतं. वर मशीनचा नंबर, खाली आजवर किती पानं छापली त्याचा आकडा, त्याखाली काळ्या-करड्या पट्ट्या. आपण उठलो आणि हातपाय धड आहेत, एवढंच त्याला सांगायचं असतं.

हे पान बंद करता येतं. चार बटणं दाबायची, बस्स. कान थो शहरात आल्यापासून मी मावशींच्या मागे लागले होते.

"मावशी, रोज एक चांगला कागद फुकट जातो. टोनर जातो तो वेगळाच. वाचतं कोण ते?"

"कुणी वाचावं म्हणून नाहीच ते. पहिलं पान आपलं नसतं, दिएम."

"मग कोणाचं असतं?"

"तेवढं विचारायचं नसतं."

मावशी त्या पानाला लगेच हात लावत नसत. त्यांची बर्फाची कॉफी पिऊन व्हायची, मग दोन्ही हातांनी पान उचलायच्या आणि रस्त्याच्या कडेला दुधाच्या रिकाम्या डब्यात जाळायच्या. आमच्या गल्लीत कागद जाळण्याचं कुणाला नवल नाही. बोहनीला एखादं कटकटं गिऱ्हाईक येऊन गेलं की मासेवाल्याही अपशकुन जावा म्हणून पेटता कागद टोपल्यांवरून फिरवतात. पण गिऱ्हाईक यायच्या आधीच, रोजच्या रोज जाळणाऱ्या मावशी एकट्याच.

माझा नवरा थुआन समोरच्या टपरीत पंखे दुरुस्त करायचा. तो माझीच खेचायचा. "अगं, उठल्यावर माणसालाही खाकरावं लागतं. मशीन खाकरलं तर तुझं काय बिघडलं?"

मग मावशी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे बिएन होआला गेल्या, दोन-तीन महिन्यांसाठी. मी त्यांना बसमध्ये बसवलं, खिडकीतून हात हलवला, आणि दुकानात परत येऊन पहिलं काम म्हणजे ती चार बटणं दाबली.

२

दुसऱ्या दिवशी प्रिंटर तापला, दोनदा खटखटला आणि गप्प बसला. ट्रे रिकामा. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिलं गिऱ्हाईक उयेन नावाची मुलगी होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची. तिचा प्रकल्प बेचाळीस पानांचा. छापून झाला, मी गठ्ठा ठोकून सरळ केला, तर एकेचाळीस. वरचं, तिच्या नावाचं पान नव्हतं. मशीनच्या पडद्यावर मात्र बेचाळीस. मी ट्रे काढून पाहिला, टेबल पुढे ओढलं, खाली वाकून पाहिलं. ते पान पुन्हा छापलं, लगेच आलं.

तिसऱ्या दिवशी एका मास्तरांच्या अर्जाचं पहिलं पान गेलं. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी जन्मदाखल्याचं. दिवसभरात हजार पानं काढा, एक इकडचं तिकडे नाही. फक्त सकाळचं पहिलं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीनचं पोट उघडून विजेरी मारली. "ताई, आत स्वच्छ आहे. याने कागद ओढलाय, छापलाय, बाहेर टाकलाय. पुढचं मी काय सांगू? वाऱ्याने उडाला असेल."

वाऱ्याने! पंखा माझ्या डोक्यावर, आणि प्रिंटर भिंतीच्या आडोशाला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. पान ट्रेमध्ये पडताना एक चपटा आवाज होतो. दिवसभर तो ऐकून कान इतके सरावतात की आवाज ऐकू आला नाही तरच लक्ष जातं. पहिल्या पानाचा तो आवाज होत नव्हता. त्याऐवजी प्रिंटरजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलाचे पाय करकरत. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं लाल, बुटकं स्टूल. त्यावर कोणी नसायचं. फरशी उंचसखल आहे, मी म्हटलं.

ते पान परत चालू केलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण मग मावशींचं खरं झालं असतं, आणि ते मला नको होतं.

३

पहिलंच गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं की दिवस वाईट जातो. मी असलं काही मानत नाही. पण त्या आठवड्यात दिवस वाईट गेले, हेही खरं.

थुआनचा हातगुण सगळ्या बाजाराला ठाऊक. सकाळी तो दात घासत बाहेर आला की बायका हाका मारायला लागायच्या. "ए थुआन, इकडे ये आधी! काही घेऊ नकोस, एक लिंबू तरी उचल!" तो कुणाकडे लिंबू उचलायचा, कुणाकडे पाव, आणि खरोखर त्या बायकांची टोपली नऊच्या आत रिकामी व्हायची. आमच्या घरात लिंबं कधी विकत आणावी लागली नाहीत.

"मग बोहनी मीच करतो की," तो म्हणाला. "पहिलं पान माझं. हरवलं तर कुणाचं काय जातंय?"

"छापणार काय त्यावर?"

"पत्र लिहितो. इतके दिवस कोणीतरी आपल्याकडे येतंय, साधी ओळख नको करून द्यायला?"

मी हसले. त्याने दोन बोटांनी टाइप केलं. ते पत्र अजून कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यामुळे जसंच्या तसं देते.

"नमस्कार. मी थुआन. भावंडांत पाचवा. गाव फुंग हिएप, घर कालव्याच्या कडेला, मागे आंब्याची दोन झाडं. वय चव्वेचाळीस. तुमचं वय माहीत नाही, म्हणून दादा म्हणू की काका, हे ठरवता येत नाही. तेवढं कळवावं."

बटण दाबलं. घरघर झाली, पान आलं असणार, आणि ट्रे रिकामा. स्टूल करकरलं. थुआनने स्टुलाकडे पाहून मान लववली. आम्ही दोघंही खूप हसलो.

त्यानंतर गिऱ्हाइकांचं एकही पान हरवलं नाही. थुआन रोज एक पत्र लिहायचा. पहिली शाळा. आईच्या हातची माशाची आमटी, आणि ती रागावली की भांड्यांचा कसा आवाज करायची. सैन्यातली दोन वर्षं. प्रत्येक पत्रात एखादा विनोद, आणि शेवटी तोच प्रश्न: तुमचं काय? दुकानात गर्दी लोटली होती. मी त्याला म्हटलं, तुझा हात सोन्याचा आहे.

४

महिना भरत आला तेव्हा त्याच्या आईचं वर्षाचं श्राद्ध आलं. आम्ही स्कूटरवरून गावी निघालो. पुलापाशी त्याने गाडी थांबवली.

"आता कुठे?"

"पाठीत धपाटा घालीन हं."

"नाही गं, खरंच. डावीकडे की उजवीकडे?"

तो थट्टेखोर माणूस. मी डावीकडे बोट दाखवलं आणि त्याच्या कानाला चिमटा काढला. घरी पोचलो, भाऊ-भावजया भेटल्या, तो सगळ्यांशी जरा जपून बोलत होता. उदबत्ती लावायची वेळ आली. तो आईच्या फोटोपुढे वाकला आणि सरळ होता होता माझ्या कानाशी आला.

"दिएम, ही बाई कोण?"

तो हसत नव्हता. मी त्याचा चेहरा एवढ्या जवळून पाहिला.

इस्पितळात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही, झोप नीट घ्या. मलाही तेच खरं वाटायला हवं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसं विसरतात, कामाचा ताण असतो. पण दुकानात आल्यावर मी त्याची पत्रं उघडली आणि एकेक विचारत गेले. गाव? नाही. शाळा? नाही. सैन्यात होतास का? तो विचार करून म्हणाला, नसेन बहुतेक. ज्याबद्दल लिहिलं नव्हतं ते सगळं जागच्या जागी होतं. पंख्याची कॉइल कशी भरायची, मासेवालीचा नवरा किती पितो, मी कोणत्या कुशीवर झोपते.

आईवरचं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो मन लावून ऐकत होता. भांड्यांच्या आवाजाशी हसलाही.

"छान लिहितो," तो म्हणाला. "कोण आहे हा?"

५

पुढचं मी केलं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याने आदल्या संध्याकाळी एक पत्र लिहून ठेवलं होतं, थोरल्या भावाने केळीच्या खुंटाला धरून त्याला पोहायला कसं शिकवलं त्याचं. ते मी पुसायला हवं होतं. मी ते पुसलं नाही. कागद गायब झाला म्हणून माणसाची आई गायब होते, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं, आणि जे डोक्यात बसत नाही ते मला डोळ्यांनी पाहायचं असतं. थुआन घरी झोपला होता. मी शटर अर्धंच उघडलं. बाहेर लख्ख उजाडलं होतं, पाववाला ओरडत जात होता. मी ट्रेपासून हातभर अंतरावर उकिडवी बसले आणि बटण दाबलं.

घरघर. खटखट. पांढरी कड बाहेर आली, मग ओळी. पान पुरतं बाहेर आलं आणि पडलं नाही.

ते वर उचललं गेलं, अगदी सावकाश. दोन्ही कडांना एकेक खळगा पडला होता, अंगठ्याने दाबल्यावर पडतो तसा. वडीलधाऱ्यांनी काही दिलं की आपण दोन्ही हातांनी घेतो, तसं कोणीतरी ते घेतलं होतं. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पान स्थिर झालं, माझ्याकडे पाठची कोरी बाजू करून. उजेड त्यातून आरपार येत होता. पलीकडे काही नव्हतं, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

पान हळूहळू वर सरकत होतं. धरणारं ते वाचत होतं.

मग मध्यावर ते थांबलं आणि थरथरायला लागलं. मला आधी कळेना. मग आठवलं, तिथे थुआनने विनोद केला होता, की खुंट तरंगला आणि मी बुडालो. पान थरथरत होतं कारण धरणारं हसत होतं. आवाज काही नव्हता.

वाचून झाल्यावर पानाची एक घडी पडली, मग दुसरी, आणि शर्टाचा खिसा असतो त्या जागी ते नाहीसं झालं. स्टूल करकरलं. मी शटर खाली ओढलं.

घरी जाऊन थुआनला उठवलं. "तुला पोहता येतं का रे?"

"मला? छे," तो म्हणाला. "पाण्याची भीती वाटते मला."

६

मी मशीनची पिन काढली, दुकानाला कुलूप लावलं आणि ठरवलं, बास. पत्र नाही तर काही जाणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन आत गेले. थुआन पलंगाच्या कडेला बसला होता. मला पाहून तो चटकन उठला आणि चादर अंगाभोवती ओढून घेतली.

"माफ करा हं ताई," तो म्हणाला. "मी इथेच झोपलो वाटतं. तुमची खोली आहे का ही?"

मी कॉफी खाली ठेवली. "असू दे. बसा."

मावशींना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं. "पहिलं पान काय देत होतात?"

"पत्रं. तो स्वतःबद्दल लिहायचा."



"मी वीस वर्षं आकडे दिले गं," मावशी म्हणाल्या. "आकडे आणि पट्ट्या. त्यातून कुणाला काय कळणार? तुम्ही नाव सांगितलंत, गाव सांगितलंत, वर त्यालाच विचारलंत, तुमचं काय म्हणून. ओळख झाली आता. ओळखीच्याला दारातून हाकलता येत नाही."

"ते पान परत चालू करते."

"करून बघ."

मी पिन लावली, चार बटणं दाबली. आकड्यांचं पान आलं, चपटा आवाज करून ट्रेमध्ये पडलं, आणि दुपारपर्यंत तिथेच पडून राहिलं. त्याला कोणी हात लावला नाही. त्या दुपारी थुआन स्वतःचं वय विसरला.

मी पुन्हा फोन केला. "मावशी, आता काय करू?"

"कुणाचं तरी द्यावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम घाईने, "माझ्याकडे बघू नकोस दिएम. मला नातवंडं आहेत." फोन त्यांनीच ठेवला. मला राग आला नाही.

७

मग मी लिहायला लागले.

पहिल्या दिवशी चलाखी केली. शेजारणीची भांडणं लिहिली, बाजारातल्या गप्पा लिहिल्या. पान पडून राहिलं. मग ते तसंच सोडून मी दुसऱ्यावर वडिलांचं लिहिलं. ते घेतलं गेलं. काय लिहिलं होतं ते आता कॉम्प्युटरवर वाचून कळतं: फेरीबोटीवर त्यांनी मला खांद्यावर बसवलं होतं म्हणे, आणि माझी एक चप्पल नदीत पडली.

त्या दिवशी थुआनचं काहीही गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गेलेलं परत आलं नाही, पण उरलेलं टिकलं. तो मागच्या खोलीत राहू लागला. हाताला सवय असल्यामुळे पंखे दुरुस्त करत होता. माझं नाव त्याने नव्याने पाठ केलं, दिएमताई. एकदा पंखा जोडता जोडता तो म्हणाला, "ताई, हा पंखा तुमच्यासारखा आहे, आवाज फार पण वारा देतो." मी आत जाऊन तोंडात टॉवेलचा बोळा कोंबला आणि रडले. तोच माणूस होता. माझ्याकडे येणारा रस्ता तेवढा पुसला होता.

मी रोज सहाला एक पान दिलं. शाळा दिली, आई दिली, पहिली नोकरी दिली. देताना वाईट वाटायचं, दिल्यावर काहीच वाटायचं नाही, आणि तेच भयानक होतं. मागच्या आठवड्यात माझं बालपण संपलं. मग थुआनचं द्यायला लागले. आम्ही कुठे भेटलो ते परवा दिलं. लग्न काल दिलं.

हे सगळं मी छापत नाही, वहीत हाताने लिहिते आहे, म्हणजे उद्या वाचता येईल. माझ्याकडे आता एकच पान उरलंय. या माणसावर माझा किती जीव आहे, आणि का. ते आज दिलं नाही तर त्याच्याकडचं काहीतरी जाईल, आणि त्याच्याकडे आता जाण्यासारखं फार उरलेलं नाही. ते दिलं तर थुआन आजच्यापुरता बचावेल. उद्याचं काय?

उद्या सकाळी उठशील तेव्हा हे वाच, दिएम. समजलं नाही तरी त्याला पान लिहू देऊ नकोस. काहीही झालं तरी त्याला लिहू देऊ नकोस. सहाला पाच कमी आहेत.

८

वरचं सगळं दोनदा वाचलं. अक्षर माझंच आहे, ते नाकारत नाही.

वाचून त्या बाईची दया आली. मावशी लेकीकडे गेल्यापासून एकटीने दुकान चालवायचं म्हणजे डोक्यावर ताण येणारच. कागद हवेत धरला जातो, हसतो, खिशात जातो! प्रिंटरने एखादं पान गिळलं म्हणून कोणी आपली आई विसरतं का? आणि समजा, क्षणभर खरं मानलं, तरी एका भाडेकरूसाठी रोज आपलं काहीतरी द्यायचं, ते कशासाठी? हे काही वहीत नीट लिहिलेलं नाही. जीव आहे, एवढंच लिहिलंय.

मागच्या खोलीतले थुआन म्हणून गृहस्थ आहेत, ते सहाच्या सुमारास दुकानात आले. सभ्य आहेत, बोलताना मान खाली घालतात. त्यांनी माझ्यासाठी कॉफी आणली होती.

"ताई, आज तुम्ही दमलेल्या दिसता," ते म्हणाले. "रोज सकाळी तुम्हीच काहीतरी लिहून छापता. आज पहिलं पान मी लिहू का?"

मी वहीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बाहेर एक मुलगी छत्री झटकत उभी होती, तिला प्रबंध छापायचा होता, आणि पहिलं पान गेलं की गिऱ्हाईक कुरकुर करतं.

"लिहा ना," मी म्हटलं.

ते कॉम्प्युटरपुढे बसले. दोन बोटं कळांवर ठेवून थोडा वेळ थांबले, आणि जरा ओशाळून हसले.

"माझ्याकडे लिहिण्यासारखं फारसं नाही हो. मला पंखे दुरुस्त करता येतात, आणि तुमचं नाव दिएम आहे. एवढंच येतं मला."

"तेवढं लिहा," मी म्हटलं, आणि त्यांना उजेड यावा म्हणून शटर पूर्ण वर केलं.